बंद खोलीतला चालू एसी

१

खोली थंडगार होती, एसी सुरळीत चालला होता, आणि आतली द्राक्षाची रोपं मात्र उकडून मेली होती. आता बोला!

पिंकी गांगुर्डेनं दारातून आत डोकावलं. अंबड एमआयडीसीतल्या ‘अंकुरवेल’ लॅबची ही ग्रोथ रूम. जाड भिंतींची, एकही खिडकी नसलेली. छताला टेकलेल्या मांडण्या, फळीफळीवर ट्यूबलाइट, आणि त्या उजेडात काचेच्या बाटल्याच बाटल्या. एरवी प्रत्येक बाटलीत बोटाएवढं हिरवंगार रोप उभं असायचं. आज सगळीकडे तपकिरी लगदा होता.

“हा तापमापक बघा,” लॅबचे मालक जीवन निकम म्हणाले. त्यांना एका जागी उभं राहवत नव्हतं. दारातून मांडणीपर्यंत आणि मांडणीपासून दारापर्यंत नुसत्या येरझाऱ्या चालल्या होत्या. “खोली जास्तीत जास्त किती तापली होती ते याच्यात दिसतं. काटा पंचेचाळिसाच्याही वर जाऊन आलाय! पंचवीसच्या पुढं गेला तरी माझ्या छातीत धडधडतं.”

“कधी तापली?”

“ते दिसत नाही ना! खंडेनवमीला पूजा करून आम्ही कुलूप घातलं तेव्हा सगळं टवटवीत होतं. काल दसरा झाला. आज सकाळी उघडतो तर हे. आणि तुमचा ग्राफ सांगतो की एसी एक क्षणही बंद नव्हता.”

तुमचा ग्राफ. हे शब्द पिंकीला टोचलेच, कारण ग्राफ खरोखर तिचाच होता. इमारतीत वीज कुठं किती जाते ते शोधणं हा तिचा धंदा. लॅबच्या वीजपॅनेलमध्ये प्रत्येक खटक्याच्या वायरीवर तिनं मोजणीचा एकेक चिमटा बसवला होता. एसीची वायर वेगळी, ओव्हनची वेगळी, फ्रीजची वेगळी. कुठली वायर किती वीज ओढतेय ते मोबाइलवर रेघेनं दिसायचं, आणि ग्रोथ रूमच्या एसीची रेघ पाच मिनिटं शून्यावर राहिली की जीवन सरांच्या फोनवर भोंगा वाजायचा. पिंकी हे तिचं कागदोपत्री नाव होतं, शाळेत नाव घालताना वडिलांनी लाडाचंच सांगून टाकलेलं. कारखानदार आधी हसायचे. मग बिल कमी आलं की गप्प बसायचे.

“भोंगा वाजला?” तिनं विचारलं.

“छे! म्हणजे एसी चालू. चालू एसीनं खोली तापते कशी? एकच रस्ता आहे. हा एसी गरम हवाही देतो. कुणीतरी आत शिरून रिमोटनं गरमवर टाकला आणि काम झाल्यावर परत थंडवर आणला. आता या दाराच्या किल्ल्या दोन. एक माझ्या कमरेला. दुसरी, सुट्टीत काही बिघडलं तर असावी म्हणून, वायरमनकडे.” ते एकदाचे थांबले. “हनीफ पिंजारी. त्याला गेटवर बसवून ठेवलंय. संध्याकाळी पोलिसांत देतो. आणि साक्षीला तुमचा ग्राफ जोडतो, मॅडम.”

२

हनीफभाई गेटजवळ, रिकाम्या केबलच्या लाकडी चाकावर बसले होते. ऑक्टोबरचं ऊन नुसतं भाजत होतं, तरी माणूस सावलीत सरकला नव्हता. पिंकीला पाहून उठले आणि हसायचा प्रयत्न केला. तो काही जमला नाही.

“पिंकीताई, तुम्हाला कशाला त्रास दिला यांनी?”

“त्रासाचं सोडा. तुम्ही आत गेला होतात?”

“अल्लाची शपथ, नाही. किल्ली घरी, शोकेसमध्ये. बायकोला विचारा, हातसुद्धा लावला नाही.” त्यांनी घाम पुसला. “नवमीला पूजा झाली, प्रसाद घेतला, हवेच्या कंप्रेसरचे वॉल्व्ह बंद केले नि गेलो. काल दुपारी आलो ते वॉचमन खंडेराव काकांना सोनं द्यायला. दरसाल येतो. जनरेटरचं डिझेल बघितलं, गळाभेट झाली, घरी.”

“सरांशी भांडण वगैरे?”

“भांडण कसलं! पगार उशिरा होतो म्हणून कुरकुर केली असेल. ती इथं सगळेच करतात. आता ऐका ताई. अंबड-सातपूरमध्ये माझं सगळं काम तोंडी चालतं. हनीफ विश्वासाचा आहे, एवढ्यावर लोक मला पॅनेलच्या खोलीत एकट्याला सोडतात. पोलिसात नाव गेलं ना, की एकही गेट उघडायचं नाही. या वयात नवीन धंदा कुठला शिकू?”

पिंकीनं लॅबकडं पाहिलं. दोघांनी मिळून हे चिमटे बसवले होते, उकाड्यात, पॅनेलमध्ये मुंडकी खुपसून. आणि आता त्याच चिमट्यांची रेघ या माणसाचा गळा धरत होती.

“ग्राफ खोटा असेल का हो?” तिनं हळूच विचारलं.

हनीफभाईंनी मान हलवली. “चिमटे मीच बसवलेत. पक्के आहेत. ग्राफ खोटं बोलत नाही ताई.” मग म्हणाले, “पण मीही नाही बोलत.”

तेवढ्यात आतून जीवन सरांचा आवाज आला. फोनवर कुणाला तरी सांगत होते, “हो हो, संध्याकाळपर्यंत कशाला थांबायचं? तुम्ही जेवून लगेच निघा साहेब.”

३

घ्या! होता तेवढा वेळही गेला.

पिंकी तडक आत गेली. ऑफिसात प्रॉडक्शन सुपरवायझर रोहित सोनवणे खुर्चीवर बसून पाय हलवत होता. सटाण्याचा गडी, तोंडानं फटकळ.

“माझं काय विचारता? नवमीची आरती झाली न् मी सटाण्याची गाडी पकडली. आज सकाळी उतरलो, बॅग अजून ही इथं शे.” गडबडीत त्याची घरची अहिराणी मध्येच डोकं काढायची. “पण खरं सांगू का मॅडम? सरांवर खार खाऊन नाही असा माणूस इथं नाही. मीसुद्धा विंचूरला दुसऱ्या नोकरीची बोलणी लावलीत. सांगून टाकतो, उगाच मागाहून तुम्हाला कळायला नको.”

“हनीफभाईंनी केलं असेल असं वाटतं?”

“हनीफभाई? अहो, त्याला रोपं मारून काय मिळणार? त्याला द्राक्ष खायला मिळालं तरी खूप.”

रोहित सुटला. निदान तेवढं तरी सरळ होतं. सटाण्याच्या गाडीची खात्री एका फोनवर होण्यासारखी होती, आणि पिंकीनं तो फोन जिन्यातच करून टाकला. रोहितची आई म्हणाली, काल दिवसभर पोरगा झोपाच काढत होता.

चैताली खैरनार वर मायक्रोस्कोपच्या टेबलाशी होती. लॅबची मुख्य शास्त्रज्ञ. ही रोपं म्हणजे तिनं पहिल्या डोळ्यापासून, वेलीवरच्या कोंबापासून, वाढवलेली. रडून तिचे डोळे सुजलेले असतील, असं पिंकीला वाटलं होतं. डोळे कोरडे होते.

“काही वाचण्यासारखी असतील का?” पिंकीनं विचारलं.

“नाही.”

“एकही बाटली?”

“सगळी गेलीत.” चैतालीनं पेन उचललं, ठेवलं, पुन्हा उचललं. “हनीफभाईंना खरंच पोलिसांत देणार आहेत का?”

“साहेब निघालेत म्हणे.”

पेन खाली पडलं. चैतालीनं ते उचललं नाही.

“तुम्ही नवमीला शेवटी निघालात ना?”

“हो. म्हणजे... काही रिकाम्या बाटल्यांवर चिठ्ठ्या लावायच्या होत्या. काल दुपारी खंडेराव काकांना सोनं द्यायला आले, एवढंच. मशीनला हात लावायचा प्रश्नच नाही. माझ्या वडिलांचं लेथचं वर्कशॉप आहे इथंच अंबडला. नवमीला पूजलेलं मशीन दसऱ्याची उत्तरपूजा होईपर्यंत चालवायचं नाही, त्याचं फूलसुद्धा हलवायचं नाही, हे लहानपणापासून अंगात मुरलंय. एकदा भावानं हार काढून ड्रिल लावलं तर वडिलांनी त्याला उपाशी ठेवला होता.”

पिंकीच्या घरी हे काही नव्हतं. त्यांचा दसरा म्हणजे पांढरे कपडे घालून त्रिरश्मी लेणीखालच्या बुद्धविहारात जायचं. काल तीही तिथंच होती, फोन बंद करून. तिनं मान डोलावली आणि ती जिन्यात येऊन बसली. बसली कसली, पायरीवर टेकली, उठली, परत टेकली.

जीवन सरांनी फक्त एवढंच पाहिलं होतं की रेघ शून्यावर आली नाही. आणि पिंकीनं? तिनंही येताना रिक्षात दिवसाचे एकूण युनिट तेवढे बघितले होते. जवळपास नेहमीएवढेच होते. वा ग शहाणे! बिल बघितलंस आणि ग्राफ बघितलाच नाहीस.

तिनं मोबाइल काढला. नवमीची दुपार बोटांनी ताणून मोठी केली. आणि ती पायरीवरून ताडकन उठली.

४

एसी श्वास घेतो. म्हणजे त्याचा कंप्रेसर घेतो. खोली थंड झाली की थांबतो, नुसता पंखा फिरत राहतो, गरम झाली की दणका देऊन पुन्हा सुरू होतो. त्यामुळं त्याची रेघ करवतीच्या दात्यांसारखी असते, वर-खाली, वर-खाली. गरमवर टाका नाहीतर थंडवर, दाते येणारच. नवमीच्या दुपारपर्यंत दाते होते. काल दुपारनंतर पुन्हा दाते होते. आणि मधल्या वेळात?

मधल्या वेळात सरळसोट सपाट रेघ. ना दणका, ना विसावा.

“हा एसी नाहीच!” पिंकी जिन्यातच ओरडली.

त्या वायरीवर वीज जात होती हे खरं. पण ती ओढत होतं दुसरंच काहीतरी. सतत तापणारी कॉइल. इस्त्री, हीटर, शेगडी असलं काही. कुणीतरी एसीचा प्लग काढून त्या जागी दुसरं यंत्र जोडलं होतं, म्हणजे रेघ शून्यावर येणार नाही आणि सरांचा भोंगा वाजणार नाही. एसी बंद, ट्यूबलाइट चालू, जाड भिंती. खोली आपोआप भट्टी झाली.

मग तिच्या डोक्यात आणखी एक गोष्ट चमकली आणि ती धावतच खाली सुटली. एसीचा प्लग होता कुठं? आतल्या दमटपणानं खराब होऊ नये म्हणून स्टॅबिलायझर आणि प्लग बाहेर, शेजारच्या तयारीच्या खोलीत होते. हनीफभाईंनीच ते तिथं बसवले होते. म्हणजे ग्रोथ रूममध्ये जायची गरजच नव्हती. किल्ली कुणाकडं होती, हा प्रश्नच उडाला.

तयारीच्या खोलीत वॉचमन खंडेराव फुलांची टोपली घेऊन उभे होते. कपाळावर भंडाऱ्याचा पिवळा पट्टा.

“काका, या खोलीला कुलूप असतं?”

“नाय वो ताई. मी मेन गेट लावतो, बास. हितं काय, कुणीबी येतं जातं.”

“सुट्टीत काही वेगळं जाणवलं?”

“लय गदमदत व्हतं हितं. पर ऑक्टोबर हाय, म्हनलं आसंल. अन् उदबत्तीचा वास बी येत व्हता. पूजेचाच म्हनलं.” त्यांनी टोपली खाली ठेवली. “काल उत्तरपूजा करायची ती ऱ्हाऊन गेली बघा. कुंकूच संपलं. नवमीला सगळ्या मशीनींना हळद लावली, वर कुंकू लावलं, झेंडूचा हार घातला, अन् शेवटाला जनरेटरपाशी आलो तर करंड्यात खडखडाट! त्याला नुसती हळदच. दोन दिस जिवाला लागून ऱ्हायलंय माझ्या. त्याच्याच पायी हे समदं झालं का काय, आसं वाटतंय.”

पिंकीनं खोलीभर नजर फिरवली. बाटल्या धुवायचं मशीन, गाळणीचा पंप, पाणी शुद्ध करायचं यंत्र. सगळ्यांवर पिवळ्यावर लाल बोट, आणि किंचित सुकलेले, पण अजून केशरी असलेले हार. मग काचसामान सुकवायचा उंच ओव्हन. तो नेमका एसीच्या प्लगशेजारी होता.

ओव्हनवरचा हार काळपट झाला होता. तिनं बोट लावलं तर पाकळ्यांचा चुरा झाला. दारावरचं हळदकुंकू करपून कॉफीसारखं तपकिरी पडलं होतं. आणि त्या करपलेल्या टिळ्याच्या शेजारी, कुणीतरी नंतर लावलेलं, एक ताजं लालभडक कुंकू होतं. त्याच्याखाली हळद नव्हती.

बाहेर जीप थांबल्याचा आवाज आला.

५

“पाच मिनिटं,” पिंकी दारात आडवी उभी राहून म्हणाली. “साहेबांना चहा द्या. तुम्ही सगळे आधी इथं या.”

जीवन सर चिडले, पण आले. रोहित आला, चैताली आली. हनीफभाईंना पिंकीनं स्वतः हाताला धरून आत आणलं.

“आत कुणी गेलंच नाही,” ती म्हणाली. “एसीचा हा प्लग काढला आणि या ओव्हनचा लावला. ओव्हन शेवटच्या आकड्यावर ठेवला, दार किलकिलं केलं, म्हणजे तो पुरेसा तापून बंद पडायची भीती नाही. एसीचा प्लग नवमीच्या दुपारी काढला, काल दुपारी परत लावला. आज सकाळपर्यंत खोली थंड. हार बघा, जळालाय. पूजलेलं मशीन कुणीतरी चालवलंय.”

“देवा!” खंडेरावांनी कानाला हात लावला.

“मग हनीफच!” जीवन सर उसळले. “वायरमनच तो! दोन्ही दिवशी इथं होता!”

“सर, हनीफभाईंना एवढा खटाटोप कशाला हवा? चिमटे त्यांनी बसवलेत. भोंगा गप्प करायचा तर एसीचा चिमटा काढून फ्रीजच्या वायरीवर अडकवला असता, दोन बोटांचं काम. ओव्हन तापवत बसला तो माणूस, ज्याला भोंगा माहीत आहे पण पॅनेल उघडून आतलं काही कळत नाही.”

जीवन सरांनी वळून हनीफभाईंकडं पाहिलं.

“रोहित काल सटाण्यात झोपला होता, त्याच्या आईशी मी बोललेय. राहिले खंडेराव काका.” म्हातारा दचकला. “घाबरू नका काका. हे ताजं कुंकू बघा. नवमीलाच तुमचं कुंकू संपलं. तुम्हाला कुठून मिळालं असतं तर आधी जनरेटरला लावलं असतंत, नाही का? शिवाय तुम्ही हळदीशिवाय कुंकू लावतच नाही. हे कुंकू बाहेरून आलं, काल आलं. ज्यानं मशीन चालवलं त्याच्या मनाला ते लागलं होतं. पूजलेलं मशीन राबवलं म्हणून त्यानं उदबत्ती लावली, कुंकू लावलं, माफी मागितली. आणि हार? जळत होता तरी काढला नाही. कचऱ्यात टाकला असता तर मला काहीच कळलं नसतं. पण उत्तरपूजेआधी फूल हलवायचं नाही, हे ज्याच्या अंगात मुरलंय, त्याच्या हातानं ते होईना.”

पिंकीनं कुणाकडं बोट दाखवलं नाही. गरजच पडली नाही, कारण चैताली भिंतीला टेकून हळूहळू खाली बसली होती.

“मी काढणार होते,” ती म्हणाली. “दोनदा हात लावला. नाही जमलं.”

६

“तू?” जीवन सर एक पाऊल मागं सरले. “तुझीच रोपं...”

“माझीच होती म्हणून!” आता मात्र चैतालीचा आवाज चढला. “ज्या वेलींचे डोळे घेतले, त्या वेली जाऊन बघा आपल्या प्लॉटवर! पानं तांबडी पडलीत, कडा खाली वळल्यात. व्हायरस आहे तो. डोळ्यांमधून या सगळ्या बाटल्यांत उतरलाय. मी तुम्हाला सांगितलं नाही? काय म्हणालात? ‘शेतकऱ्याला तीन वर्षं काही कळत नाही, दिवाळीनंतर वाटप ठरलंय, गप्प बस.’ निफाड, दिंडोरी, पिंपळगाव, सगळीकडे नावं लागलीत. रोगमुक्त म्हणून आपण त्यांच्या जमिनीत रोग पेरणार होतो! मांडव घालून, तीन वर्षं पाणी घालून, मग कळणार त्यांना.”

“अगं, मग बाहेर सांगायचं होतंस!” रोहित म्हणाला.

“कुणाला? सगळे सरांचेच ओळखीचे. मला वाटलं, एसी बिघडला, रोपं मेली, एवढंच होईल. खोली पुरती तापेपर्यंत भोंगा वाजू नये म्हणून ओव्हन लावला, आणि कुणाला काही दिसू नये म्हणून काल एसी परत जोडला. माझ्या डोक्यातच आलं नाही की ग्राफ म्हणेल एसी चालू होता, आणि मग एसी बिघडला असं कुणी म्हणणारच नाही.”

पिंकीचं डोकं तापलं. “आणि ओव्हन रात्रभर दार उघडं ठेवून चालवलात! इमारत पेटली असती तर? आवारात काका झोपतात!”

चैतालीनं तोंड झाकून घेतलं.

बाहेरून कुणीतरी विचारलं, “निकम साहेब, तक्रार लिहायची ना?”

आणि बघा गंमत. सकाळपासून जो माणूस तक्रारीसाठी नुसता उतावीळ झाला होता, त्याच्या तोंडचं पाणी पळालं. “नको नको,” जीवन सर दाराकडं धावले. “काही नाही साहेब, तांत्रिक बिघाड होता! उगाच तसदी दिली.” परत येऊन हलक्या आवाजात म्हणाले, “हे बघा, झालं ते झालं. घरातली गोष्ट घरात राहू द्या. व्हायरस-बियरस काही नाही. हनीफ, तू जा, उद्यापासून ये.”

“असं कसं?” पिंकी म्हणाली. तिचा आवाज कापत होता, रागानं. “सकाळपासून सगळ्या एमआयडीसीसमोर त्यांना गेटवर बसवलंत. समोरचे कारखानेवाले येता-जाता बघत होते. आता बाहेर या आणि तेवढ्याच मोठ्यानं सांगा की ते निर्दोष आहेत. नाहीतर तो ग्राफ मी स्वतः साहेबांना दाखवते. ओव्हन का चालवला, तेही सांगते. गाडी अजून गेटवरच आहे.”

“आणि शेतकऱ्यांना मी फोन लावतो,” रोहित म्हणाला. “नाहीतरी विंचूरला जायचंच शे मला.”

जीवन सर बाहेर गेले. गेटवर उभं राहून बोलले. आवाज बसलेला होता, पण समोरच्या वर्कशॉपमधली माणसं मशीन थांबवून बाहेर आली, तेव्हा त्यांना पुन्हा बोलावं लागलं. या वेळी ते सगळ्यांना ऐकू गेलं.

हनीफभाई तिकडं गेलेच नाहीत. ते चैतालीसमोर उकिडवे बसले होते. पिंकीला वाटलं, आता हा माणूस भडकणार, आणि भडकला तर त्याला कुणी अडवू नये.

“तुम्ही सकाळपासून वरच होतात, मॅडम?” त्यांनी विचारलं.

चैतालीनं मान डोलावली.

“खिडकीतून मी दिसत होतो?”

“हो.” मग रडत, तुटत, “मी खाली येणार होते. खरंच. प्रत्येक वेळी जिन्यापर्यंत आले. माझी नोकरी जाईल, पोलिस येतील, आई-वडील... हनीफभाई, मला माफ करा.”

हनीफभाई गुडघ्यावर हात टेकून उठले.

“माझ्या साडूची बाग आहे पिंपळगावला,” ते म्हणाले. “त्यानंही याच रोपांसाठी नाव लावलंय. मीच लावायला सांगितलं. चैताली मॅडमचं काम आहे म्हटलं, डोळे मिटून घे.” त्यांनी एसीच्या प्लगकडं पाहिलं. “नवमीला मी प्रसाद घेऊन इथंच होतो ना. एक शब्द मला सांगायचा. मीच खटका खाली ओढला असता, मॅडम. आणि सरांना तोंडावर सांगितलं असतं, की हो, मी ओढला.”